फळी वाकावी, पण पिळू नये



आपल्या वार्तापत्रात विज्ञानाचा एक पाठ देण्याची प्रथा आहे. या वेळचा विषय वाचून काही जणांना हसू येईल. विषय आहे घरी स्की कशी बनवतात आणि ती बनवताना कोणता तोल सांभाळावा लागतो, हा. बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायाला बांधायची लांब फळी म्हणजे स्की. आपल्या इंदुरात बर्फ पाहायचा तर सराफ्यात गोळा खायला जावे लागते, मग हा विषय कशाला? याचे कारण आपल्याच शाळेत घडलेला एक प्रसंग आहे, आणि त्या प्रसंगात चूक माझी होती.

विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत नववीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, स्कीची फळी धनुष्यासारखी वाकते, पण टॉवेल पिळावा तशी पिळवटत का नाही?" त्याने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकचे चित्रण पाहिले होते. त्या स्पर्धेत भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरचा आरिफ खान. जायंट स्लॅलम शर्यतीत तो ४५वा आला. पुष्कळ स्पर्धकांना ती शर्यत पूर्णही करता आली नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या क्रमांकाचे मोल कळते. आमच्या विद्यार्थ्याचे लक्ष मात्र क्रमांकाकडे नव्हते, फळीकडे होते. त्याला तसा नमुना प्रदर्शनात मांडायचा होता. त्याने थर्माकोलची लांब पट्टी घेऊन दोन्ही बाजूंना खराट्याच्या काड्या लांबीच्या दिशेने चिकटवल्या होत्या. पट्टी छान वाकत होती, पण टोके धरून पिळली तर सहज पिळत होती.

मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "जाडी वाढव." त्याने दोन थर वाढवले. पिळणे कमी झाले, आणि वाकणेही थांबले! फळी ओंडक्यासारखी ताठ झाली. मुलगा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा मला बरेच काही सांगून गेला.

बर्फावर फळीचे काम काय?

आधी स्कीचे काम समजून घेऊ. स्की वरून पाहिली तर ती सरळ पट्टी नसते. पुढे आणि मागे रुंद, बुटाखाली अरुंद, अशी तिची कंबर आत गेलेली असते. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील मोर्गेदाल गावच्या सोंद्रे नूरहाइम याने (जन्म १८२५) एकोणिसाव्या शतकात अशा कमरेच्या, आखूड आणि सहज वळणाऱ्या स्की वापरून दाखवल्या. तो स्वतःच्या स्की स्वतः घडवणारा गरीब कूळ-शेतकरी होता. म्हणजे 'घरी बनवलेली स्की' ही हौशी लोकांची नवी कल्पना नव्हे, स्कीचा जन्मच घरातला आहे.

खेळाडू वळताना फळी कडेवर कलवतो. कंबर आत असल्यामुळे मधला भाग बर्फाला टेकण्यासाठी फळीला वाकावेच लागते. ती वाकली की तिची कड बर्फात एक चाप कोरते आणि खेळाडू त्या चापावरून वळतो. इथे दहावीची भूमिती कामाला येते. कडेचा बाक हा मोठ्या वर्तुळाचा चाप मानला तर :

त्रिज्या = (जीवेची लांबी)² ÷ (८ × बाकाची खोली)

बर्फाला टेकणारी लांबी १.६ मीटर आणि बाकाची खोली २ सेंटीमीटर, म्हणजे ०.०२ मीटर असेल, तर त्रिज्या = २.५६ ÷ ०.१६ = १६ मीटर. फळी ६० अंशांत कलवली तर ही त्रिज्या ढोबळमानाने कोज्या ६० म्हणजे निम्म्याने गुणली जाते आणि ८ मीटरचे वळण मिळते. मात्र एवढे वाकण्याची फळीची तयारी हवी. ती फार ताठ असेल तर भार बुटाखालीच साचतो, टोके बर्फावर हलकी पडतात आणि वळण हाती येत नाही.

म्हणून वाकणे हवे. मग पिळणे का नको? बर्फ कडेला दाबतो, आणि कड फळीच्या मध्यरेषेवर नसून एका बाजूला असते. दाब एका बाजूला आला की पीळ पडणारच. दाराचे हँडल बिजागरीपासून लांब का बसवतात, ते आठवा. समजा, बुटाखाली फळी ६० अंश कललेली आहे, पण टोकाकडे ती पिळून ५० अंशांवर आली. मग टोकाची कड बर्फावरची पकड सोडते. कडक, गोठलेल्या उतारावर अशी फळी भरवशाची राहत नाही.

थोडक्यात, लांबीत लवचीक आणि पिळाला ताठ, अशी एकच फळी आपल्याला हवी आहे.

दोन वेगळे आकडे

मी स्वतः हिंदी माध्यमातून बी.एस्सी. केले. आपण मराठीत ज्याला स्थितिस्थापकता म्हणतो त्याला आमच्या पुस्तकात 'प्रत्यास्थता' म्हणत, वाकण्याला 'बंकन' आणि पिळाला 'ऐंठन'. मराठी शाळेत शिकवायला लागलो तेव्हा हे शब्द मला पुन्हा नव्याने शिकावे लागले. प्रयोगशाळेत आम्ही दोन वेगवेगळे प्रयोग करत होतो. एकात पट्टी दोन टेकूंवर ठेवून मध्ये वजन टांगायचे आणि यंग गुणांक काढायचा. दुसऱ्यात तारेला पीळ देऊन 'मॅक्सवेलची सुई' झुलवायची आणि दृढता गुणांक काढायचा. प्रयोग दोन, कारण पदार्थाचे गुण दोन. हे मी तीसहून अधिक वर्षे फळ्यावर लिहीत आलो, आणि समोर मुलगा पट्टी घेऊन उभा राहिला तेव्हा नेमके तेच विसरलो!

सबंध एकाच पदार्थाची पट्टी घेतली तर वाकण्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १० मिलिमीटरची पट्टी ११ मिलिमीटर केली तर १.१ × १.१ × १.१ = १.३३१, म्हणजे एका मिलिमीटरने ताठपणा ३३ टक्के वाढला. रुंद आणि पातळ पट्टीचा पिळाला होणारा विरोधही जाडीच्या घनाप्रमाणेच वाढतो. दोन्ही एकाच पटीने वाढतात, त्यामुळे त्यांचे आपसातले प्रमाण जिथल्या तिथे राहते. पातळ कवच आणि मध्ये हलका गाभा अशा रचनेत घनाऐवजी साधारण वर्गाचा नियम लागतो, पण निष्कर्ष तोच. म्हणून माझा सल्ला चुकला. जाडीने ताकद वाढते, तोल बदलत नाही.

तिरप्या पट्टीची युक्ती

उत्तर मिळाले ते आमच्या सुतारकामाच्या खोलीत. विद्यार्थी ती पट्टी घेऊन मिस्त्री काकांकडे गेला. काकांनी ती हातात घेऊन एकदा पिळली आणि म्हणाले, "फाटक लोंबकळते तेव्हा काय करतात? तिरपी पट्टी मारतात. इथेही तिरप्या काड्या लाव."

मित्रांनो, या वाक्यात सगळे विज्ञान आहे. एक पातळ फळी घ्या, तिच्यावर पेन्सिलीने चौकोन आखा आणि फळी पिळण्याचा प्रयत्न करा. पीळ पडताना तो चौकोन तिरका होऊन समांतरभुज होऊ पाहतो. त्याचा एक कर्ण लांबतो, दुसरा आखडतो. फळीच्या खालच्या बाजूला हेच उलट दिशेने घडते. कर्णाच्या दिशेने न ताणणारे काही चिकटवले, की चौकोनाला तिरके होता येत नाही आणि पीळ अडतो. वाकताना मात्र मुख्य ताण लांबीच्या दिशेने पडतो, आणि त्याला तिरप्या काड्या फारसा विरोध करत नाहीत.

कापडात हे अधिक सोपे दिसते. रुमाल धाग्याच्या दिशेने ओढला तर ताणत नाही, तिरपा ओढला तर सहज ताणतो. शिंपी उरेब कापतात ते याच गुणासाठी.

विद्यार्थ्याने नवी पट्टी केली. लांबीच्या काड्या थोड्या कमी केल्या आणि त्यांवर ४५ अंशांत दोन्ही दिशांनी तिरप्या काड्या लावल्या. पट्टी वाकली, आणि पिळताना अडली. एक सूचना महत्त्वाची आहे. तिरप्या काड्या दोन्ही दिशांना सारख्या हव्यात आणि वरखालची मांडणी समतोल हवी. एकाच दिशेने लावल्या तर पट्टी वाकवताना आपोआप पिळू लागते.

घरच्या कारखान्यात

आज युरोप-अमेरिकेत पुष्कळ हौशी लोक गॅरेजमध्ये स्की बनवतात. त्यांची पद्धत थोडक्यात अशी. ॲश, मेपल, पॉप्लर किंवा बांबूच्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून गाभा करतात आणि तो रंधून बुटाखाली साधारण १० ते १२ मिलिमीटर, तर टोकांना जेमतेम २ मिलिमीटर ठेवतात. तळाला घसरण्यासाठी पॉलिथिलीनचा पत्रा आणि त्याच्या कडेने पोलादी पट्टी असते. गाभ्याच्या वर-खाली काचतंतूंचे कापड इपॉक्सीने बसवतात. मग ही सगळी चळत साच्यात दाबतात. दाबासाठी कोणी आगीच्या बंबाचा नळ दोन तुळयांमध्ये ठेवून हवेने फुगवतात, तर कोणी फळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतली हवा काढून घेतात.

यात तोल सांभाळला जातो तो मुख्यतः दोन ठिकाणी. पहिले ठिकाण गाभ्याची जाडी. फळी कुठे किती वाकावी हे रंधा ठरवतो. दुसरे ठिकाण काचतंतूंची दिशा. यासाठी त्रिदिश कापड मिळते. त्यात काही धागे लांबीला आणि काही दोन्ही बाजूंना ४५ अंशांत असतात. एका चौरस मीटरला सुमारे ६५० ते ७५० ग्रॅम वजनाचे कापड या कामात नेहमी वापरतात. लांबीचे धागे वाकण्याला विरोध करतात, तिरपे धागे पिळाला. नवखा माणूस बहुधा माझ्यासारखीच चूक करतो. टोक पिळते म्हणून लांबीच्या दिशेने कार्बनची पट्टी घालतो. त्याने फळी वाकायला कठीण होते आणि पीळ जवळजवळ होता तसाच राहतो.

पण पिळाचा ताठपणाही हवा तितकाच असावा. तो फार झाला तर टोक बर्फातल्या प्रत्येक उंचवट्याला अडकते, वळणातून सुटायला नकार देते आणि खेळाडूची छोटी चूकही माफ करत नाही. मऊ, भुसभुशीत बर्फावर थोडे पिळणारे टोक सुखाचे वाटते, कडक बर्फावर ताठ टोक लागते. ४० किलोच्या मुलाची आणि ८० किलोच्या माणसाची फळी एक असू शकत नाही. म्हणून अनुभवी कारागीर आधी विचारतात, की फळी कोणासाठी आणि कोणत्या बर्फासाठी आहे?

हॉवर्ड हेडची गोष्ट

हा तोल साधण्यासाठी एका माणसाने काय सोसले तेही ऐका. हॉवर्ड हेड हा अमेरिकेतील बाल्टिमोरच्या ग्लेन मार्टिन विमान कंपनीत अभियंता होता. १९४७ साली तो व्हर्मांट राज्यातील स्टो येथे स्की करायला गेला आणि त्याला ते मुळीच जमले नाही. त्याने दोष लाकडी फळ्यांना दिला. इथवर तो आपल्यासारखाच! पुढे मात्र वेगळा निघाला. विमानात वापरतात तशी ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये हलका गाभा घातलेली फळी बनवायचे त्याने ठरवले. भांडवल होते पत्त्यांच्या खेळात जिंकलेले ६,००० डॉलर. (विद्यार्थ्यांनी भांडवल उभारण्याचा हा मार्ग सोडून बाकीचे अनुकरण करावे.) थर चिकटवण्यासाठी त्याने फळी रबरी पिशवीत घातली, हवा काढली आणि इंजिनातून काढलेल्या जुन्या तेलाच्या तापलेल्या टाकीत बुडवली.

पहिल्या सहा जोड्या घेऊन तो स्टोला गेला. तिथल्या प्रशिक्षकांनी त्या वापरल्या आणि सहाही मोडल्या. तो परत आला, कारण शोधले, नव्या बनवल्या. त्याही मोडल्या. असे तीन वर्षे चालले. मोडणे थांबवण्यासाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गाभ्याऐवजी त्याने प्लायवूड घेतले, बर्फ चिकटू नये म्हणून तळाला प्लास्टिक लावले आणि पकडीसाठी पोलादी कडा बसवल्या. १९५० पर्यंत फळी तयार झाली. ती वळायला इतकी सोपी होती की लोक तिला गमतीने 'लबाड' म्हणू लागले.

का सोपी? पुन्हा ते दोन आकडे पाहा. लाकूड रेषांच्या दिशेने बळकट असते, पण पिळाला कच्चे. ॲशसारख्या लाकडाचा दृढता गुणांक त्याच्या यंग गुणांकाच्या दहाव्या-बाराव्या हिश्श्याच्या आसपास असतो. ॲल्युमिनियमचा यंग गुणांक सुमारे ७० अब्ज पास्कल आणि दृढता गुणांक सुमारे २६ अब्ज पास्कल, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. लाकडी फळीइतकीच वाकणारी धातूच्या कवचाची फळी केली, तर ती पिळाला कितीतरी अधिक ताठ निघते.

हा माणूस पुढे टेनिस खेळू लागला. चेंडू रॅकेटच्या मध्याबाहेर लागला की रॅकेट हातात पिळते, हे त्याला खटकले. त्याने रॅकेटचे डोके रुंद केले, आणि १९७६ साली त्याला मोठ्या रॅकेटचे पेटंट मिळाले. पिळाने त्याचा पिच्छा सोडला नाही, आणि त्याने पिळाचा!

करून पाहा

१. थर्माकोलच्या सारख्या मापाच्या तीन पट्ट्या घ्या : ६० सेंटीमीटर लांब, ८ सेंटीमीटर रुंद, २ सेंटीमीटर जाड. दोन्ही बाजूंना काड्या चिकटवा. पहिलीवर लांबीच्या दिशेने, दुसरीवर दोन्ही दिशांनी तिरप्या, तिसरीवर निम्म्या-निम्म्या. पांढरा लाकडाचा गोंद वापरा. काही गोंद थर्माकोल विरघळवतात, ते टाळा. एक दिवस वाळू द्या.

२. वाकणे मोजा. पट्टी दोन विटांवर ठेवा, मध्ये २०० ग्रॅम वजन टांगा आणि मध्य किती मिलिमीटर खाली आला ते लिहा.

३. पीळ मोजा. एक टोक टेबलाला घट्ट धरा. दुसऱ्या टोकावर आडवी मोजपट्टी बांधा, टोक खालून मधोमध एका टेकूवर टेकवा, मोजपट्टीच्या एका बाजूला तेच वजन टांगा आणि कोनमापकाने कोन वाचा.

४. तिन्ही पट्ट्यांचे दोन-दोन आकडे तक्त्यात मांडा. कोणती पट्टी 'चांगली' हे लगेच लिहू नका. आधी लिहा, कशासाठी चांगली.

स्वाध्याय

१. सबंध लाकडाची १० मिलिमीटरची फळी १२ मिलिमीटर केली तर वाकण्याचा ताठपणा किती पट होईल?
२. जीवा १.५ मीटर आणि बाकाची खोली १.५ सेंटीमीटर असेल तर कडेची त्रिज्या काढा.
३. कागदाची नळी करून चिकटवा आणि पिळून पाहा. मग ती लांबीत एका रेषेवर कापा आणि पुन्हा पिळा. काय फरक पडला? का?

शेवटी, मोठ्यांसाठी

विश्वस्त मंडळी आणि पालकहो, आता थोडे आपल्याशी. नव्या इमारतीच्या आराखड्यात सुतारकामाची खोली नाही. त्या जागी दुसरा संगणक कक्ष दाखवला आहे. त्या आराखड्यावर माझीही सही आहे, हे मी लपवत नाही. सही करताना मला वाटले होते, की आता रंधा कोण चालवतो? मिस्त्री काका पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत, त्यांच्याबरोबर खोलीही जाईल, एवढेच.

पण पदवी घेतलेल्या मुख्याध्यापकाने चुकीचे उत्तर दिले, आणि बरोबर उत्तर त्या खोलीत मिळाले. काकांना दृढता गुणांक हा शब्द ठाऊक नाही, मात्र तो गुण त्यांच्या हाताला ठाऊक आहे. संगणक आम्हाला हवेतच, मुलांना त्यांची गरज आहे. पण पट्टी हातात पिळून पाहिल्याशिवाय त्या मुलाला प्रश्न पडला नसता, आणि पडदा कितीही मोठा असला तरी पीळ हाताला जाणवत नाही.

म्हणून माझी नम्र विनंती आहे की येत्या सभेत हा आराखडा पुन्हा विचारार्थ घ्यावा. तळमजल्याच्या जिन्यामागची जागा लहान आहे, पण दोन बाके आणि एक कपाट तिथे मावेल. मोजमाप मी स्वतः घेतले आहे. मंडळाला पटले तर काकांनी निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस येण्याचे कबूल केले आहे.

त्या विद्यार्थ्याच्या तिन्ही पट्ट्या माझ्या कार्यालयात ठेवल्या आहेत : पिळणारी, ओंडका झालेली आणि जमलेली. सभेला याल तेव्हा कृपया हातात घेऊन पाहाव्यात.

आपला,
मुख्याध्यापक